घरातल्याची दारू सोडवायचीय? आमच्या चुका आधी वाचा

दादाची दारू सुटायला चार वर्षं लागली, त्यातली पहिली दोन आम्हीच वाया घालवली असं आता वाटतं.

सगळ्यात आधी, ते "पेशंटला न सांगता दारू सोडवा"वाल्या पुड्या जेवणात कालवू नका. आत्याने आणून दिलेली एक, नशीब आईने वापरली नाही. त्यात काय असतं कोणालाच माहीत नसतं. डायसल्फिरम नावाची गोळी डॉक्टरही देतात पण माणसाला सांगून, कारण ती पोटात असताना प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो.

दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडायची नाही. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं सुरू होऊ शकतं. हात थरथरतायत, दरदरून घाम येतोय म्हणजे नाटक नाही ते, सरळ दवाखान्यात न्या.

आता आमची खरी चूक. तो पडून असला की आई कामावर फोन करायची, ताप आलाय म्हणून, आणि मी बारची उधारी गुपचूप फेडायचो, घराची अब्रू जाऊ नये म्हणून, त्यामुळे झालं काय तर पिण्याचा त्रास सगळ्यांना, त्याला सोडून! हे बंद केलं तेव्हा घरात महिनाभर भांडणं झाली पण त्यानंतरच तो डॉक्टरकडे यायला तयार झाला. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना. रात्री घातलेल्या शपथा सकाळी आठवत नाहीत.

कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या गटाच्या मीटिंगा असतात, तिथे पेशंट येवो न येवो आपण जायचं, वहिनी त्यानेच सावरली.

सेंटरमधून घरी आल्यावर स्लिप होऊ शकते, म्हणजे परत पिणं, दादाची दोनदा झाली. तमाशा न करता त्याच दिवशी सेंटरला फोन. आणि रोज तोंडाचा वास घेत फिरू नका, मी फिरायचो, त्याने तो फक्त चिडायचा.

पहिले काही महिने हळदी, वराती टाळा. संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यात वाईट, तेव्हा एकटं सोडू नका. आम्ही दोघं रोज भाजी आणायला जायचो, गरज नसली तरी, घरात एवढे कांदे साठले की वहिनी वैतागली.