बेळगावात घर बघताय? आधी भिंतीला हात लावून बघा

मी सोलापूरहून बेळगावात आलो त्याला चौदा वर्षं झाली. दर जूनला नोकरीसाठी, पोरांच्या कॉलेजसाठी आलेली दोन-चार कुटुंबं घराची चौकशी करायला येतात आणि निम्मा वेळ भाषेवरच बोलतात. त्याबद्दल एवढंच: बाजारात मराठी चालते, विजेचं बिल कन्नडमध्ये येतं, तेवढं वाचायला शिका. कन्नड शेजारी अडीनडीला धावून येतात, हा माझा अनुभव आहे. आपली माणसं सीमाप्रश्नावर तासभर बोलतील, पण कुठलं घर ओल धरतं ते सांगणार नाहीत.

शक्यतो पावसाळ्यातच घर बघा. आम्ही मे महिन्यात शहापुरात तळमजल्याचं जुनं घर भाड्यानं घेतलं. जांभ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, आत ताजा पिवळा रंग. अकरा महिन्यांचा करार केला, डिपॉझिट भरलं. जुलैत कपाट पुढं ओढलं, तर मागची भिंत कमरेपर्यंत काळी-हिरवी. रंगाचे पोपडे सुटलेले, खाली पांढरा लोणा, गादीला कुबट वास. थोरल्या लेकीला रात्री छातीत घरघर सुरू झाली. दोन महिने औषधं झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे काय?" तोवर आम्ही त्यांना भिंतीबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. करार मोडून घर सोडलं, डिपॉझिट गेलं. दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर महिन्याभरात तिची घरघर थांबली.

जांभा पाणी शोषतो. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं. वरून रंग मारला तर ओल झाकली जाते, थांबत नाही. ओल्या भिंतीवर बुरशी धरते, तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. दमट गादीत धूळकीटकही वाढतात. मग सर्दी, शिंका, खोकला आणि दमा असलेल्याला धाप. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. बुरशी अमुक इतकी असली तर चालेल, अशी मर्यादा त्यांनी घातलेली नाही. ओलच हटवा, असं सांगितलं आहे.

म्हणून घर बघायला गेलात की जोत्यालगत, कपाटामागं, मोरीपलीकडच्या भिंतीला तळहात लावा. गार, दमट लागली तर पुढं बोलू नका. भाडं कमी आहे म्हणून तर मुळीच भुलू नका.

ओलीचं घर घेऊन बसला असाल तर कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, स्वयंपाक करताना खिडकी उघडा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. जुलैत सगळेच घालतात, आमच्या घरीही घालत होते. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. पण गळती किंवा चढती ओल बंद झाली नाही तर बुरशी परत येणारच, तेव्हा मालकाच्या मागं लागा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं बदली झाली असेल तर हे सगळं दुप्पट पाळा, घाटाकडचा पाऊस फार. अथणीकडं जाणाऱ्यांनी एवढी धास्ती घ्यायला नको.

आणि पोराचा खोकला आठ दिवसांत हटला नाही तर डॉक्टरांकडं जाताना भिंतीचा फोटो काढून न्या.