टेबलावर चालते, विहिरीवर बंद पडते : टिकाऊ उपकरण घडवताना या चुका टाळा

पुस्तके वाचून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याचे सर्किट टेबलावर बहुधा चालते. घोडे अडते ते विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात तापलेल्या पेटीच्या आत ६५ अंश सहज भरतात. वाचनात नेमका हाच आकडा सुटतो, कारण डेटाशीटच्या (कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावरचे बहुतेक आकडे २५ अंशांचे असतात आणि नवशिका त्या पानापुढे जात नाही.

वीज आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्टार्टरचे उदाहरण घ्या. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपुढे ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर लावला की सुमारे १५.५ व्होल्ट डीसी मिळतात. ७८०५ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीने त्यातून ५ व्होल्ट काढले आणि रिले व मायक्रोकंट्रोलर यांनी मिळून १२० मिलिअँपिअर घेतले, तर सव्वा वॉटहून थोडी अधिक उष्णता आयसीतच जिरते. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसेल तर दर वॉटमागे आतले तापमान साधारण ६५ अंशांनी चढते. म्हणजे टेबलावर १०७ अंश आणि पेटीत १४७, तर मर्यादा १२५ ची. त्यात व्होल्टेज वाढले की आयसी स्वतःच्या बचावासाठी आउटपुट तोडते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते. म्हणून ‘दुपारी बंद, रात्री चालू’ अशी तक्रार आली तर प्रोग्रॅम तपासत बसू नये, आधी हीटसिंक पाहावा. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून उष्णता कमी होते हे खरे. पण पाण्याच्या पाळीला सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन व्होल्टेज कोसळते तिथे तो तोकडा पडतो, त्यामुळे मला हीटसिंकच बरा वाटतो.

दुसरी चूक कपॅसिटरची. ८५ अंश आणि २००० तास असे लिहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ६५ अंशांत सुमारे ८००० तास टिकतो, म्हणजे सतत चालवला तर वर्षभरही नाही. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, या हिशेबाने तेवढ्याच तासांचा १०५ अंशांचा कपॅसिटर ३२,००० तास जातो. रात्री मोटारी बंद झाल्यावर लाइनला २७० व्होल्ट आले, तर वरचे १५.५ व्होल्ट १८.५ होतात, तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर फुगणारच, ३५ चा वापरावा.

मोटार सुरू होताना किंवा बंद होताना कंट्रोलर रीसेट होत असेल, तर दोष बहुधा कॉइलमधून उठणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याचा असतो. तो जिरवायला रिलेच्या डीसी कॉइलवर उलटा डायोड अनेक जण लावतात. मात्र कॉन्टॅक्टरची (मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल एसीवर चालते, तिथे डायोड चालत नाही. तिच्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (थेट मेन लाइनवर चालणारा) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडावा. रिलेवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात, मोटारीसाठी नव्हेत.

केबल पेटीत खालूनच, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घ्यावी, नाहीतर पावसाचे पाणी आणि पाली दोन्ही आत शिरतात. तयार बोर्डावर वार्निशचा हातही द्यावा.

शेतात बसवण्यापूर्वी पेटी पूर्ण लोडसह मेच्या दुपारी गच्चीवर ठेवून व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) आधी १६० आणि मग २७० व्होल्ट द्यावेत, आणि आयसीचे तापमान पेटीचे झाकण बंद ठेवूनच मोजावे.