‘बोर्ड उडालं’ म्हणण्याआधी: घरच्या डेस्कटॉपची तपासणी आणि अपग्रेड

डेस्कटॉप सुरू होईनासा झाला की इंदुरात पहिला सल्ला ठरलेला: उचल आणि सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर दुकानात नेऊन दे. जरूर न्यावा, पण बिघाड नेमका कुठे आहे हे आपल्याला कळल्यावर. कारण आठ-दहा वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये बोर्ड (मदरबोर्ड) खरोखर गेलेलं क्वचित सापडतं. रॅमच्या पट्टीवर मळ बसलेला असतो, बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) दमलेला असतो, नाहीतर घरात अर्थिंगच नसतं.

सामान फार लागत नाही. दोन नंबरचा फुलीचा पेचकस, साधा डिजिटल मल्टिमीटर, एक इंची कोरडा रंगाचा ब्रश, पांढरा खोडरबर (शाई खोडायचा खरखरीत नको), थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सीआर२०३२ सेल. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. रॅम किंवा कार्ड हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या लूमध्ये अंगावर स्थिर वीज जास्त साठते, त्या दिवसांत हे विसरू नका. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

आधी भिंतीतली वीज

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार नंदलालपुरा, रामबाग अशा जुन्या वस्त्यांतल्या घरांत नवी नाही. लोक म्हणतात, करंट उतरलाय. खरं कारण असं: एसएमपीएसच्या आत शिरतानाच फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर अख्खी कॅबिनेट निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण यूएसबीचे पोर्ट, साउंड आणि मॉनिटरची केबल यांना तो हळूहळू खातो.

मल्टिमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २२० ते २४० यायला हवेत, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल किंवा काहीच नसेल, तर तिथे अर्थ नाही. यावर उपाय एकच, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत तार. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. तसं अजिबात करू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटली की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.

यूपीएसवरही डोळे झाकून विश्वास नको. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस ३६० वॅटच देतो, आणि आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. लाइट जाताच मशीनही जात असेल तर बॅटरी बदला. मशीन मुळीच सुरू होत नसेल तर यूपीएस बाजूला करून थेट भिंतीतून लावून पाहा, तेवढ्यानेही काही केसेस निकालात निघतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो गरम होताना एवढा करंट ओढतो की यूपीएस बसतो.

बटण दाबलं, काहीच नाही

ना पंखा, ना दिवा. आधी एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना ते पाहा. मग कॅबिनेटचं बटण वगळून टाका: बोर्डाच्या कोपऱ्यातल्या ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांवरून वायर काढा आणि पेचकसाच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा. मशीन सुरू झाली तर दोष बटणाचा. अख्ख्या कॅबिनेटमध्ये सर्वांत स्वस्त भाग तोच, आणि रोज मार खाणाराही तोच.

तरी हालचाल नसेल तर एसएमपीएस मोजा. २४ पिनांचा जाड कनेक्टर बोर्डातून काढा, वीज चालू करा. मल्टिमीटर आता डीसीवर घ्या. जांभळी तार ते काळी तार ५ व्होल्ट यायलाच हवेत. हा स्टँडबायचा पुरवठा मशीन बंद असतानाही चालू असतो. तो नसेल तर एसएमपीएस गेला, पुढे शोधायला नको. असेल तर वीज बंद करून हिरवी तार आणि कोणतीही काळी तार पेपरक्लिपने जोडा, एखादी जुनी हार्ड डिस्क भार म्हणून लावा आणि परत चालू करा. पंखा फिरला की मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६. सगळ्या तारा काळ्या असलेला एसएमपीएस असेल तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, एसएमपीएस टेस्टर मागून आणा.

एवढ्याशा भारावर सगळं ठीक दिसणं हा अर्धाच पुरावा आहे. थकलेला एसएमपीएस रिकामा असताना १२.१ दाखवतो आणि गेम किंवा व्हिडिओ सुरू होताच ११च्या खाली बसतो. म्हणून कनेक्टर बोर्डात लावलेला असताना, मशीन चालू ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने पिवळ्या तारेत टोक घालून पुन्हा मोजा. अचानक रीस्टार्ट होणाऱ्या मशीनचा निकाल बहुधा इथेच लागतो.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्ड असताना बोर्डाच्या पोर्टला लावलेली नाही ना, हे पाहा. हसू नका, साफसफाईनंतर हे हमखास होतं. उलटही घडतं: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यांत ग्राफिक्स नसतातच, तिथे बोर्डाच्या पोर्टवर कधीच काही दिसणार नाही. प्रोसेसरशेजारचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टरही नीट बसलेला हवा. तो सैल असला तरी पंखे फिरतातच.

मग सगळं उतरवा. बोर्ड, कूलरसह प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी, बाकी हार्ड डिस्क, कार्ड, पुढचे यूएसबी सगळं सोडवा. पट्टीच्या सोनेरी दातांवर दोन्ही बाजूंनी खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण ब्रशने झाडा, स्लॉटही झाडा, आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. पावसाळ्यात दमट हवेने दातांवर थर चढतो आणि चांगली चालणारी मशीन जुलैत रुसते, ती या एका कृतीने उठते. नाही उठली तर तीच पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये, मग प्रत्येक पट्टी एकाच स्लॉटमध्ये. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

एक फार उपयोगी चाचणी: बोर्डाला छोटा बझर लावा आणि सगळी रॅम काढून चालू करा. बोर्ड ओरडलं तर प्रोसेसर काम करतोय आणि बोर्ड बऱ्याच अंशी जिवंत आहे. ओरडलंच नाही, आणि एसएमपीएस पास झालाय, तर संशय बोर्डावर किंवा प्रोसेसरवर. फुगलेले कपॅसिटर शोधा; डोकं सपाट हवं, घुमटासारखं नको.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर सेल बदला. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, २.७च्या खाली गेलेला टाकाऊ. प्लग काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डातलाच प्रोग्राम) मूळ सेटिंगवर जातं, आणि कधीकधी काळी स्क्रीन तेवढ्यानेच जाते. पण एक गोची आहे. बोर्डाने डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, आयडीई आणि एएचसीआय; काही जुन्या बोर्डांत मूळ सेटिंग आयडीई असते आणि विंडोज एएचसीआयवर बसवलेलं असतं. मग बूट होताना निळी स्क्रीन येते आणि माणूस हार्ड डिस्क गेली समजतो. बायोसमध्ये साटा (डिस्कची जोडणी) मोड परत एएचसीआय केला की झालं.

दुपारी बंद पडणारी मशीन

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच ३८ अंशांवर असेल तर हिवाळ्यात ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर सहज ८५ गाठतो. मोकळा असताना ४०-५५, कामात ८०-८५ पर्यंत चालेल. ९५च्या पुढे तो स्वतःच वेग कमी करतो आणि शेवटी बंद होतो. धूळ झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा गरागरा फिरला की त्याचे बेअरिंग खराब होतात आणि तो उलटी वीजही सोडतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. कीबोर्ड उलटा करून झटका. इंदुरातल्या कीबोर्डात शेव निघतेच.

पेस्ट वाळली असेल तर बदला. जुनी अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, नवी मध्यभागी वाटाण्याएवढी, पसरवायची गरज नाही. इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवल्या की सुटतात. बसवताना त्या आधी उलट फिरवून जागेवर आणा, मग समोरासमोरच्या दोन दोन एकदम दाबा आणि बोर्डाच्या मागून पांढरे दात पूर्ण बाहेर आलेत का ते पाहा. एक जरी अर्धवट राहिली तर बायोसमध्येच ९० अंश दिसतील. एएमडीच्या जुन्या, पिनवाल्या रायझन प्रोसेसरचा कूलर सरळ वर ओढू नका. घट्ट पेस्टमुळे प्रोसेसर लॉक असूनही पिनांसकट उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा.

पैसे कुठे घालावेत

हळू मशीनला आधी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी पाहा. सी५ वाढत असेल तर आज रात्रीच फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. सी७ एकटाच वाढत असेल तर डिस्क नव्हे, साटाची केबल बदला.

यानंतर पहिला खर्च एसएसडीचा (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क), यात दुमत नसावं. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरसोबत येणाऱ्या एच६१ बोर्डावर साटाचे पोर्ट ३ गिगाबिटचेच असतात, म्हणजे एसएसडीवर छापलेला ५५० एमबीचा वेग तिथे निम्माच मिळतो. तरीही फरक जाणवतोच, कारण विंडोजला लागतात हजारो छोट्या फायली, आणि तिथे फिरणारी तबकडी मार खाते. एम.२ (थेट बोर्डात बसणारी पट्टीसारखी एसएसडी) घेण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल वाचा: स्लॉट आहे का, आणि तो साटाचा आहे की जास्त वेगाच्या एनव्हीएमईचा; दोन्ही दिसायला सारखेच. जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवल्यावर (क्लोन) पहिलं बूट जुनी डिस्क काढून करा, नाहीतर विंडोज कुठून चाललंय तेच कळत नाही. अडीच इंची एसएसडीला एम३ स्क्रू लागतात, हार्ड डिस्कचे जाड स्क्रू दाबून बसवले तर आटे जातात. स्टँड नसेल तर दुहेरी चिकटपट्टीनेही ती निवांत राहते, आत फिरणारं काही नसतं.

दुसरा खर्च रॅमचा. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. फार स्वस्त मिळणाऱ्या ८ जीबी डीडीआर३ पट्ट्या नीट बघून घ्या. त्यातल्या काही फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलवर काळी स्क्रीन. नवी रॅम लावली की रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवा. एकही चूक आली तरी पट्टी परत.

ग्राफिक्स कार्डाआधी एसएमपीएसचं लेबल वाचा. पुढे ‘५०० वॅट’ आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलेले असतील, तर कामाचे वॅट १२ गुणिले १६, म्हणजे १९२च. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो, म्हणून वेगळी केबल न लागणारं जीटी १०३० तिथे चालून जातं. त्याहून मोठं हवं तर आधी एसएमपीएस.

आणि कुठे थांबावं? विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. त्याहून जुन्या मशीनवर एसएसडी आणि ८ जीबी रॅम एवढंच करावं आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी. मुलांचा अभ्यास, बँक, यूट्यूब सगळं चालतं. अशा मशीनसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे पैसे नर्मदेत सोडणं.

दुकानात जाताना जुनी पट्टी किंवा बोर्डाच्या नावाचा फोटो बरोबर ठेवा. बिलावर पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि घरी आणल्यावर बॉक्स, पाकीट, बिल एकत्र ठेवा. वॉरंटीचं स्टिकर काढलं तर तो पार्ट कोणी परत घेत नाही.