घरगुती व्यवसायासाठी बेताच्या किमतीचा लॅपटॉप कसा निवडावा

घरातून मसाले, फराळाचे पदार्थ किंवा साड्या विकणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या अथवा चार-पाच दुकानांचे हिशेब लिहून देणाऱ्या व्यक्तीची लॅपटॉपकडून अपेक्षा मर्यादित असते. बिले बनवायची, व्हॉट्सॲप वेबवर ऑर्डरी पाहायच्या, एक्सेलमध्ये जमाखर्च लिहायचा, कुरिअरची लेबले छापायची आणि महिन्याच्या महिन्याला सीएंना हवे ते कागद पाठवायचे, एवढ्यात बहुतेकांचे काम आटोपते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मात्र वापरात अडून न बसणारे, बिघडल्यास जवळपास दुरुस्त होणारे आणि पुढे गरज पडल्यास वाढवता येणारे यंत्र लागते, कारण घरगुती व्यवसायात दुसरा लॅपटॉप हाताशी नसतो आणि दिवाळीच्या तोंडावर एक दिवस जरी काम ठप्प झाले, तरी खरेदीत वाचवलेले दोन-तीन हजार रुपये त्यातच निघून जातात.

दुकानात जाण्यापूर्वी आपण दिवसभरात संगणकावर काय काय करणार आहोत, याची यादी कागदावर लिहून काढावी आणि तीत सॉफ्टवेअरची व जोडायच्या उपकरणांची नावेही लिहावीत. हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर वापरायचे असेल तर विंडोज हवेच, कारण टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलेले आहे. त्यामुळे स्वस्त दिसणारे, विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारे क्रोमबुक त्या यादीतून आपोआप बाद होते. डिजिटल सहीचा डोंगल आणि लेबल छापणारा थर्मल प्रिंटर बहुधा जुन्या पद्धतीच्या, आयताकृती यूएसबी पोर्टमध्ये बसतात. म्हणून असे किमान दोन पोर्ट असलेले मॉडेल घ्यावे. काही मॉडेले विंडोजशिवाय, दुकानदारांच्या भाषेत ‘डॉस’वर, विकली जातात. त्यांची किंमत कमी दिसते, पण विंडोजचा परवाना वेगळा विकत घेतल्यावर ती बचत फारशी उरत नाही.

सर्वात जास्त लक्ष रॅमकडे, म्हणजे उघडलेली कामे तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीकडे, द्यावे. विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान रॅम ४ जीबी असली, तरी ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, व्हॉट्सॲप वेब आणि टॅली एकाच वेळी उघडल्यावर ४ जीबीचे यंत्र अक्षरशः रडकुंडीला येते. ८ जीबी ही आजची किमान मर्यादा मानावी आणि १६ जीबी परवडत असेल तर प्रोसेसरवर पैसे न घालता तेच घ्यावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ही रॅम पुढे वाढवता येते का? अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच कायमची बसवलेली असते. उदाहरणार्थ, रायझन ३ ७३२०यू हा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी घेतली, तर शेवटपर्यंत ८ जीबीवरच भागवावे लागते. दुकानातील विक्रेत्याला हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून स्वतः पाहावे. मांडलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स विभागात मेमरीवर क्लिक केल्यास एकूण किती स्लॉट आहेत आणि त्यांतील किती वापरात आहेत, हे दिसते. त्याखालीच फॉर्म फॅक्टर या शब्दांपुढे ‘एसओडिम’ असे लिहिले असेल तर रॅम काढता-घालता येते आणि ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल तर ती बोर्डावर जडवलेली आहे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती जगभर चढल्या आहेत. त्यामुळे ‘आत्ता आठ घेऊ, सोळा पुढच्या वर्षी स्वस्तात करू’ हा हिशेब पूर्वीसारखा बिनधास्त मांडता येत नाही.

साठवणुकीसाठी एसएसडीच (चिपवर आधारलेली वेगवान डिस्क) हवी. ५१२ जीबी पुरेशी होते आणि फोटो फारसे नसतील तर २५६ जीबीवरही निभावते. अगदी स्वस्त यंत्रांत ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ साठवणूक) असते, ती टाळावी. प्रोसेसरबाबत दुकानात सर्वाधिक बोलले जाते, परंतु वरील कामांसाठी तो सर्वात कमी चिंतेचा विषय आहे. इंटेलचा आय३-१२१५यू किंवा एएमडीचा रायझन ५ ५५००यू यांच्या तोलामोलाचा कोणताही प्रोसेसर बिलांना आणि हिशेबांना भरपूर होतो. सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोअरचे प्रोसेसर मात्र नवे कोरे असतानाच धापा टाकतात.

अंदाजपत्रक पंचवीस हजारांच्या खाली असेल, तर नव्या पण दुबळ्या यंत्रापेक्षा कंपन्यांतून परत आलेला, रिफर्बिश्ड केलेला व्यावसायिक वर्गातील लॅपटॉप घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. लेनोवोच्या थिंकपॅड, डेलच्या लॅटिट्यूड आणि एचपीच्या एलिटबुक या मालिकांतील यंत्रांचे कीबोर्ड दणकट असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि अनेक मॉडेलांची रॅम वाढवता येते. मात्र येथे एक अट काटेकोरपणे पाळावी लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे. आय५-८२५०यू यात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी (दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहावेत). आय५-७३००यू सातव्या आणि आय५-६३००यू सहाव्या पिढीचा आहे. विक्रेता ‘आय५ आहे, एकदम फास्ट’ एवढेच सांगत असेल, तर पूर्ण क्रमांक विचारावा. जुन्या प्रोसेसरवर आडवाटेने विंडोज ११ चढवून दिलेले यंत्र आज चालते, पण पुढील अद्ययावतीकरणाची खात्री राहत नाही आणि बँकेचे व जीएसटीचे व्यवहार ज्या यंत्रावर करायचे, तेथे ही जोखीम घेऊ नये.

रिफर्बिश्ड यंत्रात आणखी दोन गोष्टी विक्रेत्यासमोरच तपासाव्यात. पहिली बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजीत टंकल्यास एक अहवाल तयार होतो, ज्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसते. मूळ ५०,००० आणि आजची ३०,००० असेल, तर बॅटरी साठ टक्क्यांवर आली आहे, आणि नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करून मागायला हरकत नाही. दुसरी गोष्ट, यंत्र पूर्ण रिसेट करून, वाय-फायला जोडून पहिल्यापासून सुरू करायला सांगावे. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचे नाव झळकून त्या कंपनीचा ईमेल मागितला गेला, तर ते यंत्र अजून तिच्या नोंदीत अडकलेले आहे आणि ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बायोसला पासवर्ड असल्यासही हेच लागू होते.

स्क्रीन १९२० बाय १०८० पिक्सेलची असावी, कारण १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर एक्सेलचे रकाने सतत सरकवत बसावे लागते. बिले बनवणाऱ्याने १५.६ इंची आणि उजवीकडे वेगळे अंकफलक असलेले मॉडेल घ्यावे. आकडे टाकण्याचे काम त्यामुळे किती हलके होते, हे वापरल्याशिवाय कळत नाही.

ठाणे-नवी मुंबई भागात राहणाऱ्यांना खरेदीसाठी ठाण्यात गोखले रोड आणि नौपाडा परिसर, तर नवी मुंबईत वाशी स्थानकासमोरील रघुलीला मॉल आणि सेक्टर १७ हे भाग सोयीचे आहेत. मोठ्या साखळी दुकानांच्या शाखाही दोन्ही शहरांत आहेत. मुंबईतील ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा संगणकाच्या बाजाराचा जुना पत्ता असून तेथे भाव कधी कधी उतरतो, पण तक्रार घेऊन पुन्हा तेथवर लोकल बदलत जाण्यातला अर्धा दिवसही त्या भावात धरावा. ऑनलाइन घेण्यासही हरकत नाही. मात्र कोठेही घेतले तरी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे, आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र केंद्रावर नेण्याची, हे आधी पाहावे. उलवे किंवा खारघरला राहणाऱ्याला केंद्र ठाण्यात असल्यास घरपोच वॉरंटीसाठी थोडे अधिक मोजणे परवडते.

पक्के बिल घ्यावेच. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. व्यवसाय जीएसटीत नोंदवलेला असेल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतल्यास त्या कराचे क्रेडिट मिळू शकते, आणि प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा धरता येतो. जेवढ्या कराचे क्रेडिट घेतले, तेवढ्या रकमेवर घसारा मात्र मिळत नाही. ऑनलाइन खरेदीत हा क्रमांक पैसे भरण्यापूर्वीच टाकावा, कारण नंतर बिल बदलून घेणे जिकिरीचे असते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेतल्यास बँक व्याजावर जीएसटी लावते आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही घेते. एकूण किती रुपये जाणार, हे विचारून मगच कार्ड द्यावे. सोबत ‘फ्री’ म्हणून मिळणारे अँटिव्हायरस बऱ्याचदा मुदतीचे असते आणि विंडोजमधील अंगभूत संरक्षण घरगुती वापराला पुरते. लॅपटॉपसोबत येणाऱ्या ऑफिसचा परवानाही वाचावा. ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती व्यावसायिक वापरासाठी नसते. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि व्यवसायातही वापरता येते.

यंत्र घरी आल्यावर ते तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावावे, विशेषतः पावसाळ्यात. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आधीपासूनच असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की तो निवडता येतो. अनेक यंत्रांत डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी सोय, आपोआप सुरू होते. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून वहीत लिहून ठेवावी, अन्यथा उद्या तीच मागितली गेल्यास सगळा हिशेब कुलूपबंद होतो. सर्वात निकडीचे काम पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकावे: डोंगल लावून सही होते का, टॅली उघडते का, प्रिंटरवर एक लेबल नीट निघते का, हे पाहावे, कारण यंत्र बदलून देण्याची मुदत अनेकदा आठवडाभराचीच असते आणि त्यानंतर प्रत्येक तक्रार वॉरंटीच्या रांगेत जाते.