मोगऱ्याला नुसती पानंच येत असतील तर...

कुंडीतला मोगरा हिरवागार आहे, पण कळी धरत नाही? बहुतेक वेळा ऊन कमी पडतं किंवा छाटणी झालेली नसते. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. जुनी काडी तशीच ठेवली की ती नुसती लांबत जाते. म्हणून थंडी ओसरताच, मन घट्ट करून, प्रत्येक फांदी साधारण एक तृतीयांश कापा. पानांची जोडी जिथे फुटते, त्या पेराच्या किंचित वर धारदार कात्रीने काप घ्या. थोड्याच दिवसांत पेराच्या दोन्ही बाजूंनी पोपटी कोंब डोकावतात, म्हणजे एका काडीच्या जागी दोन. प्रत्येक बहर संपला की सुकलेल्या फुलांसकट शेंडे खुडा. जास्वंदही नव्या फुटव्यावरच फुलते, तिलाही छाटणी मानवते.

कुंडीला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवंच; सावलीतल्या झाडाला कितीही खत घाला, उपयोग नाही. युरियासारखं नत्राचं खत तर टाळाच, त्याने पानंच माजतात. छाटणीनंतर माती हलकी उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत मिसळा. पाणी मात्र वरची माती पेरभर सुकल्यावरच.