अँजिओग्राफीचा डाय आणि किडनी : या चुका टाळा

अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय किडनीला इजा करू शकतो. तरीही 'क्रिएटिनिन (रक्तातला किडनीच्या कामाचा निर्देशक) १.३, म्हणजे नॉर्मलच' हे ऐकलं की डोकं फिरतं. कोणाचं १.३? तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची अंदाजे क्षमता) त्यावर पंचाहत्तरच्या आसपास येतो. ७२ वर्षांच्या आजींचा जेमतेम ४४. डायचे मिली ईजीएफआरच्या तिपटीच्या आत हवेत, जमल्यास दुपटीच्या. म्हणजे आजींना ८८, फार तर १३२.

आता नेहमी काय होतं ते बघा. अँजिओग्राफीत ५० गेले. 'पंपिंगही बघून घेऊ' म्हणून व्हेंट्रिक्युलोग्रामला (डाय सोडून हृदयाच्या कप्प्याचं चित्र) आणखी ३०, आणि तेच सांगणारा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट फाईलमध्ये पडून! मग नातेवाईक म्हणतात 'एकदाच उरकून टाका', आणि त्याच टेबलावर दोन ब्लॉक उघडले जातात. बेरीज २२०. हार्ट अटॅक चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठीही थांबायचं नसतं. ठरवून केलेल्या केसमध्ये दुसरा ब्लॉक बहुतेकदा काही आठवडे थांबू शकतो. मर्यादेचा आकडा आधीच बोर्डावर लिहा आणि दर ५० मिलीला टेक्निशियनला बेरीज मोठ्याने सांगायला लावा. 'थोडाच गेला' हा आकडा नव्हे.

दुसरी आवडती चूक म्हणजे रात्री बारापासून पाणी बंद. सकाळची केस दुपारी तीनला लागते, तोवर किडनी कोरडी, वर सवयीने दिलेली लॅसिक्स (लघवी वाढवणारी गोळी). एरवी साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. धोका जास्त असेल तर नॉर्मल सलाईन ताशी किलोमागे १ मिली, आधी आणि नंतर १२-१२ तास. हृदय कमजोर असेल तर निम्मं. वजन न बघता बाटल्या चढवल्या की पाणी फुफ्फुसात उतरतं.

आणि किडनी वाचवायला म्हणून दिलं जाणारं एन-ॲसिटिलसिस्टीन? २०१८च्या प्रिझर्व्ह चाचणीत ना त्याचा फायदा दिसला, ना सोडाबायकार्बचा. तरी ऑर्डर सुटत नाही.

ईजीएफआर ६०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) त्या दिवशी बंद, ४८ तासांनी क्रिएटिनिन बघूनच सुरू. झोपून पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅक (किडनीला जड जाणारं वेदनाशामक) नको, पॅरासिटामॉल द्या.

डिस्चार्जच्या सकाळचं क्रिएटिनिन बघून निर्धास्त होणं हा शुद्ध उतावळेपणा. वाढ २४ ते ४८ तासांत दिसू लागते आणि बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर जाते. ज्यांचा धोका जास्त, त्यांची ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासणी करा आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या. ०.३ ने वाढ झाली तरी ती इजाच. 'लघवी होतेय ना' हा पुरावा नाही. बहुतेकांची लघवी कमी होतच नाही.

आठवड्यानंतरही आकडा चढतोय आणि पायाची बोटं निळी पडलीत? डायला दोष देऊ नका, महाधमनीतून सुटलेले कोलेस्टेरॉलचे कण किडनीत अडकलेत का ते बघा.