तारेखाली क्रेन लावण्याआधी

उद्या साइटवर क्रेन येणार आहे आणि वरून विजेची तार जाते, तर तयारी आजच उरकायची. क्रेन उभी राहून भाडं चालू झालं की सगळ्यांना घाई सुटते, आणि ‘जरा सांभाळून घे’ एवढ्यावर काम सुरू होतं.

आधी मान वर करून साइटभर फिरा. नुसती उचलायची जागा बघून भागत नाही. क्रेन आत येणार तो रस्ता, डंपरचा हौदा वर जाणार ती जागा, लांब पाइप आणि शिड्या उभ्या होतात तो कोपरा, सगळं बघा. तार किती केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्टची) आहे हे वीज कंपनीकडून लेखी घ्या. खांब बघून अंदाज बांधू नका. कळेपर्यंत ती चालूच आहे असं धरायचं. तारेवर आवरण दिसलं तरी तिला हात लावता येईल, असं समजू नका.

लाइन बंद करून घेणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग, म्हणून शटडाउनचा अर्ज वेळेत द्या. पण फोनवर ‘बंद केलीय’ असं कोणी सांगितलं म्हणजे लाइन बंद झालीच असं नाही. वीज कंपनीच्या माणसाने तपासून, कामाच्या जागी अर्थिंग करून (म्हणजे तार जमिनीला जोडून) परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात दिलं, की मगच हुक हलवायचा.

बंद होणारच नसेल तर अंतर राखायचं. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत क्रेनसाठी ५० केव्हीपर्यंत १० फूट, २०० केव्हीपर्यंत १५ आणि ३५० केव्हीपर्यंत २० फूट धरतात. तुमच्याकडचा नियम किंवा वीज कंपनी याहून जास्त सांगत असेल तर तेच पाळा. हे अंतर बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकापासूनच नाही, तर वायर रोप, हुक आणि लटकलेला माल, यातलं जे तारेच्या सर्वांत जवळ जाईल तिथून मोजायचं. त्यात भर घालायलाच हवी: उन्हात आणि जास्त भाराने तार झोळते, वाऱ्याने झुलते, आणि माल सुटला की वाकलेला बूम वर उसळतो. शिवाय वीज पकडायला तार चिकटावीच लागते असं नाही, क्रेन पुरेशी जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. मोजायला धातूची टेप वर नेऊ नका. जमिनीवरून लेझरने मोजा.

डोळ्यावर मात्र विसंबू नका, हे मी कळकळीने सांगतो. एकदा ऑपरेटरच्या खुर्चीत बसून पाहिलं, तेव्हा बूम आणि तार यांत चांगलं पंधरा फूट मोकळं वाटलं. खाली उतरून बाजूला उभं राहिल्यावर दिसलं, जेमतेम सहा फूट. उजळ आकाशात बारीक तार जवळ आहे की लांब, हे केबिनमधून कळतच नाही. म्हणून जमिनीवर चुन्याची रेघ मारा, आणि एक माणूस फक्त तारेकडे बघायला ठेवा. त्याने स्लिंग (माल हुकाला अडकवायचा पट्टा) बांधायची नाही, फोन उचलायचा नाही. त्याची शिट्टी वाजली की काम थांबलंच पाहिजे, मग हुकूम कोणाचाही असो. माल आवरायची दोरी सुकी आणि वीज न वाहणारी घ्या. धोक्याचा अलार्म असला तरी तो या माणसाची जागा घेत नाही.

शेवटी सकाळी सगळ्यांना जमवून एवढं म्हणवून घ्या: क्रेन तारेला लागली तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसायचं, जमेल तर बूम तारेपासून दूर घ्यायचा. बाकीच्यांनी क्रेनला, मालाला, दोरीला हात न लावता निदान दहा मीटर मागे सरकायचं आणि वीज कंपनीला कळवायचं. रबरी टायर वाचवत नाहीत. लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तरी ती आपोआप पुन्हा चालू होऊ शकते. क्रेनला आग लागली तरच उतरायचं, तेही क्रेन आणि जमीन यांना एकदम न शिवता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची. मग पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून, इंच-इंच घासत दूर जायचं. हे दोघा-तिघांकडून तिथल्या तिथे करवून घ्या.